पक्कडवाले आप्पा

आप्पा सोमवारी सकाळी गेले. दुपारी त्यांना नेलं. संध्याकाळी आमच्या रस्त्यावरच्या झाडांना कुणी पाणी घातलं नाही.

आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात कायम पक्कड असे. लग्नाला गेले तरी असे. रत्नागिरीत वीजखात्यात लाइनमन म्हणून त्यांनी उभी नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर शिडी परत केली, पक्कड ठेवून घेतली. रस्त्याने जाताना झाडावर क्लासच्या जाहिरातीची पाटी दिसली, की ते थांबत. खिळा धरून सावकाश फिरवत बाहेर काढत आणि त्या जागी अंगठा दाबून जरा वेळ उभे राहत. कुणी हसलं तर म्हणत, "तुला इंजेक्शन देतात तेव्हा कापूस लावतात ना?"

झाडाला ते झाडाच्या नावाने ओळखत नसत. समोरच्या घरातल्या बाईच्या नावाने ओळखत. सुलभाची उंडी, खान मावशींचा बदाम, आणि आमच्या फाटकासमोरची वहिनींची बकुळ. वहिनी म्हणजे माझी पत्नी. परिणाम असा, की ज्या बाईच्या नावाचं झाड, ती बाई संध्याकाळी आपणहून बादली घेऊन बाहेर येई. मी तीस वर्षं हायस्कुलात शिकवलं, पण माझ्या सांगण्यावरून कुणी तांब्याभर पाणी कुठे ओतल्याचं मला आठवत नाही. आमच्या घरात चहा दुसऱ्यांदा मागितला तर ऐकून घ्यावं लागतं. आप्पांनी मात्र रस्त्यावरून नुसतं "वहिनी, बकुळ सुकली हो" म्हटलं, की गॅसवरची आमटी तशीच ठेवून ही बाहेर. मला ते सलत होतं. आजही सलतं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मुंबईची एक संस्था झाडं नीट सांभाळणाऱ्या गावांना मानाचा फलक देते, हे मी वाचनालयातल्या एका मासिकात वाचलं. गावात झाडांची समिती हवी, लेखी नियम हवेत, वर्षातून एक दिवस झाडांसाठी हवा आणि प्रत्येक झाडाची क्रमांकासह नोंद हवी. कागद हा माझा प्रांत. मी समिती जमवली, नियम लिहिले, नगरपरिषदेत चार खेपा घातल्या. हे एक काम तरी माझ्या नावावर होईल, असं मला वाटत होतं. आप्पा सभेला आले आणि मागच्या बाकावर बसले. मी विचारलं, "आप्पा, काही सूचना?" ते म्हणाले, "सर, कागदाचं तुम्ही बघा. मी झाडांकडे आहेच."

नोंदवही मी सुवाच्य अक्षरात केली. वहिनींची बकुळ झाली क्रमांक एक्केचाळीस. पत्र्याच्या पाट्या रंगवून घेतल्या आणि सुताराला बोलावून प्रत्येक झाडावर दोन-दोन खिळ्यांनी ठोकून घेतल्या. आप्पा त्या आठवड्यात संगमेश्वरला लेकीकडे होते. ते नसताना ठोकून घेतल्या, असंही म्हणता येईल.

ते परत आले आणि नेहमीसारखे झाडांकडे फिरू लागले. पंधरा-वीस दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की पाट्या खिळ्यांवर नाहीत, काथ्याच्या दोरीने बांधलेल्या आहेत. मी दुपारी झोपतो. तेवढ्या वेळात रोज दोन-तीन झाडं, असं त्यांनी चालवलं होतं. मी रस्त्यातच त्यांना गाठलं.

"आप्पा, दोरी दोन पावसांत कुजेल."

"कुजली तर नवी बांधू. झाड कुठं पळून जातंय?"

"आणि सैल का बांधलीय?"

"तुमचा गेल्या वर्षीचा पट्टा या वर्षी लागतो काय सर?"

मागे सुलभा हसली. मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही.

मग संस्थेच्या बाई पाहणीला आल्या. वही त्यांनी चाळली आणि मिटली. झाडांपाशी मात्र थांबून बुंध्यावरून हात फिरवत चालल्या. शेवटी म्हणाल्या, "बहुतेक गावं एकाच गोष्टीत अडकतात. पाट्या खिळ्यांनी ठोकतात. अर्जाच्या शेवटच्या पानावर आम्ही ते स्पष्ट लिहिलंय, पण तिथवर कुणी वाचत नाही. ही दोरीची कल्पना कुणाची?"

शेवटचं पान मी वाचलं नव्हतं. आयुष्यभर मुलांना प्रश्नपत्रिका शेवटपर्यंत वाचायला सांगणारा मी. आप्पा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. मी म्हणालो, "समितीची."

आप्पा म्हणाले, "सरांनीच सगळं लिहून काढलंय हो."

फलक मिळाला. फोटोत मधोमध मी आहे, आप्पा नाहीत. ते तेव्हा भेंडाच्या झाडाच्या आळ्यातला कचरा काढत होते. तरी बाजारात जो तो म्हणे, "आप्पांच्या झाडांना बक्षीस मिळालं." मासळीवालीनेही मलाच थांबवून हे सांगितलं. मी हो म्हणालो आणि बांगडे न घेता घरी आलो. तेव्हाच सगळं खरं सांगून टाकायला हवं होतं. आप्पा त्यानंतर दीड वर्ष होते. रोज दिसत होते. मी सांगितलं नाही.

तेराव्यानंतर त्यांची सून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणि पक्कड घेऊन आली. "सरांचं सरांना द्या, असं आप्पांनी सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. डब्यात माझे खिळे होते. एकेक ठोकून सरळ केलेला, खोबरेल लावलेला.

"तुला माहीत होतं?" मी पत्नीला विचारलं.

"स्टूल मीच धरत होते," ती म्हणाली. "आपल्या बकुळीचा एक मात्र निघाला नाही. त्या दिवशी तुम्ही लवकर उठलात. घाईत त्याचं डोकं तुटलं. आप्पांच्या मनाला फार लागलं होतं ते."

मी वाचनालयात समितीची सभा बोलावली आणि दोरी कुणाची ते सांगितलं. सुलभा म्हणाली, "सर, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं."

आता संध्याकाळी बायका पाणी घालतात. दोऱ्या मी बदलतो. पक्कड माझ्या खिशात असते. क्रमांक एक्केचाळीसवर साल चढली आहे आणि तो खिळा आत आहे.