दाजींचं काळं पाणी

जगात आशा नावाची काही चीज असते, यावर आमच्या दाजींचा कधीच विश्वास नव्हता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. वेल्ह्याच्या बाजूला, तोरण्याच्या पायथ्याशी त्यांची भातशेती आहे. मी भोरच्या पेठेत चष्म्याचं दुकान चालवतो आणि लोकांना लांबचं-जवळचं नीट दिसावं म्हणून दिवसभर काचा घासतो. दाजींना मात्र लांबचं आपोआप स्वच्छ दिसायचं, आणि ते नेहमी वाईटच असायचं. त्यांचा एक ठरलेला शब्द होता, "संपलं." नसरापूरच्या फाट्यावर एसटीला जरा उशीर झाला की "संपलं, आता काय येत न्हाई." म्हशीनं सकाळी दूध थोडं कमी दिलं की "संपलं, आटली." माझ्या लग्नात शेवटच्या अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि सगळे टाळ्या वाजवत असताना हे माझ्या कानाशी येऊन सावकाश म्हणाले, "संपलं, पाव्हणं." एका वर्षी आंबेमोहर असा पिकला की कणगी भरून खोलीत ढीग लागला, तर दाजी ओट्यावर डोकं धरून बसलेले. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "यंदा एवढं दिलं म्हंजी म्होरल्या साली काय देतंय? संपलंच समजा." पुढच्या साली भात बरं आलं. तेव्हा त्यांनी त्याच्या पुढच्या सालाची काळजी सुरू केली.

अशा माणसाबरोबर आक्कानं संसार कसा केला, हे मला अजून कळलेलं नाही. ती हसायची, एवढं मात्र खरं. यांनी "संपलं" म्हटलं की ती चुलीपुढून म्हणायची, "संपलं आसंल तर च्या घ्या आन् मंग संपवा." पण तिच्या स्वभावात एक हट्ट होता. नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडातून काढलं नाही. लग्नात उंबऱ्यावर बायकांनी अडवलं तेव्हा एकदाच घेतलं, तेही उखाण्यात. "आंबेमोहर शिजला, वास गेला रानात," असा तो उखाणा, आणि पुढच्या ओळीत दाजींचं नाव आणि शेवटी "हाय माझ्या मनात." त्यानंतर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी कितीही गळ घातली तरी "एकदा घेतलंय की गं," म्हणून मोकळी. बँकेत खातं काढताना साहेबांनी यजमानांचं नाव विचारलं, तर हिनं शेजारच्या काउंटरवरच्या अनोळखी बाईला हात धरून आणलं, तिच्यापुढं रेशनकार्ड धरलं आणि म्हणाली, "ह्यांना विचारा, सांगत्यात." एरवी दाजी म्हणजे नुसतं "अवं." "अवं"मध्ये राग, माया, भूक, पाऊस, पाहुणे, सगळं बसायचं. मीही त्यांचं नाव इथं लिहीत नाही. ते घ्यायचा मान तिचा आहे.

तर तीनेक वर्षांपूर्वी माझ्या भाचीनं, म्हणजे त्यांच्या पुण्याच्या लेकीनं, आईबापाच्या लग्नाच्या वाढदिवसाला सहलीची तिकिटं काढली. विमानानं अंदमान, आणि तिथलं वर्षावन. आक्काला जन्मात एकदा तरी दाजींच्या शेजारी बसून लांब कुठंतरी जायचं होतं. तिनं ते कधी कुणाकडं मागितलं नव्हतं, पण लेकीला कळलं असावं. दाजींना बातमी सांगायला मीच गेलो. आधी ते म्हणाले, "लगनाचा कसला वाढदिस? वाढदिस लेकरांचा आस्तो." मग "वर्षावन" हा शब्द त्यांनी दोनदा तोंडात घोळवला आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी वरीसभर वनात ऱ्हायचं? रामाला चौदा वर्सं दिली, आमाला एक?" मी समजावलं की वर्षा म्हणजे पाऊस, पावसाचं रान. त्यावर त्यांनी दारातून वर तोरण्याकडं हात केला. "मंग ह्ये काय हाय? हितं चार म्हैने कपडं वाळत न्हाईत, बुरशी कपाटातनं भाईर येती, आन् पाऊस बघाया इमानानं जायचं?" एवढ्यात अंदमान हा शब्द त्यांच्या डोक्यात उजाडला. ते उठून उभेच राहिले. "काळं पाणी! पाव्हणं, लगीन केलं म्हून काळ्या पाण्याची शिक्षा!" आक्का आतून म्हणाली, "मला बी हाय की शिक्षा. चला, संगं भोगू."

जायच्या आधी त्यांनी सगळ्या गावाचा निरोप घेतला. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवून झाला. मला बाजूला घेऊन सांगितलं की इमान पडलं तर तेराव्याला आंबेमोहरच शिजवा, इंद्रायणी नको, लोक नावं ठेवतील. बरोबर आंबेमोहराचं एक गाठोडं घेतलं, कारण बेटावर काय खातात कोण जाणे. विमानतळावर तपासणीवाल्यानं ते उघडायला लावलं तेव्हा दाजी म्हणाले, "घे बाबा वास. शेवटचाच हाय." आणि विमानानं जमीन सोडली तेव्हा पुढच्या-मागच्या चार रांगांना ऐकू जाईल असं "संपलं" म्हणून त्यांनी डोळे मिटले. आक्का म्हणे खिडकीला नाक लावून पार ढग संपेपर्यंत बघत होती, आणि यांचा हात तिच्या मुठीत होता. हे तिनं मला नंतर सांगितलं आणि सांगताना लाजली.

त्या सहलीत सगळी आपलीच मराठी जोडपी होती. एके दिवशी त्यांना होडीतून एका बेटावरच्या दाट रानात नेलं. वर पानांचं छत, खाली चिखल, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. तेवढ्यात पाऊस कोसळला, आणि मोजदाद केली तर दाजी नाहीत. आक्कानं आवाज दिला, "अवं!" आणि छत्र्यांखालून सहा-सात पुरुष एका दमात म्हणाले, "काय गं?" पुन्हा हाक, पुन्हा तेच. त्या रानात "अवं" म्हणजे कुणीही. वाटाड्या घाबरला होता. तो म्हणाला, "माताजी, नाम लेकर बुलाइए. नाम लेकर!" आक्का नुसती उभी. पदर गच्च भिजलेला, ओठ हलतायत, नाव निघत नाही. नाव नाही घेतलं तर माणूस हातचा जातो, आणि घ्यायचं म्हटलं तर जन्मात असं सरळ घेतलेलं नाही. शेवटी तिनं दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि त्या परक्या रानात खणखणीत आवाजात सुरू केलं, "आंबेमोहर शिजला, वास गेला रानात..." आणि पुढं नाव! उंबऱ्यावर घेतलेलं, इतकी वर्षं जपून ठेवलेलं नाव, पूर्ण, "राव" लावून. वाटाड्या हात जोडून उभा राहिला, त्याला वाटलं माताजींनी मंत्र म्हटला.

झाडीतून आवाज आला, "आलू, आलू! वरडू नगंस!" दाजी बाहेर आले ते डोक्यावर सुपाएवढं अळवाचं पान धरून, आणि काखेत आणखी जुडी. हिला हॉटेलातलं जेवण जाईना म्हणून ते वाट सोडून फतफद्याला अळू काढायला गेले होते. वाटाड्यानं ते सगळं टाकायला लावलं, कारण ते रानटी होतं, घसा खाजून सुजला असता. दाजी म्हणाले, "संपलं. अळू बी गेलं, आन् नाव बी साऱ्या जगाला कळलं." पण परतीच्या होडीत, आक्का सांगायची, ते तिच्याकडं न बघता हळूच म्हणाले होते, "आवाज चांगला हाय गं तुजा."

ही गोष्ट आक्कानं घरी आल्यावर सगळ्यांना सांगितली, आणि सांगून झाल्यावर मला विचारलं, "आरं, आपलं गाव कंच्या बेटावर हाय?" आम्ही पोट धरून हसलो. ती थट्टा करण्यातलीच होती. मग पुढच्या पावसाळ्यात ती भाजी फोडणीला टाकून ओढ्यावर निघून गेली. मग तिला म्हशीचं नाव आठवायचं आणि लेकीचं नाही. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की हे असंच विसरत जाणार, मागं फिरणं नाही. मी दाजींच्या तोंडाकडं बघत होतो. आता त्यांचा शब्द येणार म्हणून मी जीव मुठीत धरला होता. ते म्हणाले, "बगू की." बाहेर आल्यावर म्हणाले, "डाक्टर लई निराश मानूस हाय."

तेव्हापासून हा माणूस मला ओळखू येत नाही. रोज संध्याकाळी आक्काला ओट्यावर बसवतात, वेणी घालतात आणि उखाण्याची पहिली ओळ म्हणून थांबतात. पहिल्यांदा ती सबंध म्हणायची. मग नाव गाळून म्हणायला लागली. मग नुसती हसायला लागली. मध्यंतरी दाजी माझ्या दुकानात आले, काउंटरवर तिचा चष्मा ठेवला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "पाव्हणं, हिचा लंबर वाढलाय बगा. मला वळकंना." मी घरी जाऊन कसाबसा तिचा नंबर तपासला, नव्या काचा बसवल्या आणि परवा स्वतः घेऊन गेलो. ज्या माणसानं साऱ्या आयुष्यात एकदाही आशा धरली नाही, त्यानं ती धरावी तर अशा ठिकाणी, याचं मला इतकं वाईट वाटत होतं की घाट कधी चढलो ते कळलं नाही.

दाजींनी तिचं तोंड पुसलं, चष्मा लावला आणि तिच्यापुढं उकिडवे बसले. ती बघत राहिली. नव्या काचांतून तिला ते अगदी स्वच्छ दिसत असणार, तेवढं मी खात्रीनं सांगतो. "पाव्हणं," ती त्यांना म्हणाली, "कुठलं म्हनायचं तुमी?"

"हितलाच," दाजी म्हणाले, आणि त्यांनी सुरू केलं, "आंबेमोहर शिजला, वास गेला रानात..." थांबले. तोरण्यावरून ढग खाली उतरत होते. त्यांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा मला ऐकवेना. मी म्हणालो, "दाजी, राहू द्या आता. संपलं ते."

ते असे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "आसं वंगाळ बोलू नये," ते म्हणाले. "रानात बी येळ लागला व्हता तिला. मानसानं थांबावं."

आक्कानं आमच्या दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. पाहुण्यांचा आवाज चढलेला तिला आवडला नसावा. ती पदर सावरत दाजींना म्हणाली, "च्या घेनार का, पाव्हणं?"

"घेतो की," दाजी म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.