झिऱ्याचा रकाना
काल आमच्या सोसायटीच्या टाकीत ब्लिचिंग पावडर टाकली आणि त्या उग्र वासानं माझं डोकं पुन्हा तापलं. साठ सालाच्या सुमारास मी उमरखेडकडे आरोग्य खात्यात नवाच लागलो होतो, तेव्हा एका गावाशेजारच्या बंजारा तांड्यात पटकीची साथ आली. घरोघर फिरून मी माझ्या वरच्या साहेबांना सांगितलं, की गावात एकही आजारी नाही. आजारी आहेत ते सगळे तांड्यातले, नाल्याच्या वाळूत खणलेल्या एकाच झिऱ्याचं पाणी पिणारे. साहेबांनी मान डोलावली आणि पावडरीचा अख्खा डबा गावातल्या पाटलाच्या विहिरीत ओतायला लावला! तांड्याचे नाईक हात जोडून म्हणाले, "साहेब, मानसं आमची मरून राह्यली, अन् दवाई तिकडं कायले?" साहेबांनी छापील कागद दाखवला. "यात विहिरीचा रकाना आहे, झिऱ्याचा नाही." तो कागद त्यांच्या तोंडावर फेकायला हवा होता, मी मुकाट्यानं त्यावर सही केली. काल पावडर टाकणाऱ्या माणसाला मी विचारलं, "नाल्याकाठच्या झोपड्यांकडे टाकली का?" "त्यांच्याकडं टाकीच नाही ना, आजोबा," असं म्हणत त्यानं सहीसाठी वही माझ्यापुढे धरली.