हे तूर्त कंसात

"हे तूर्त कंसात ठेवू," असं म्हणून ते दोन्ही तळवे एकमेकांसमोर उभे धरायचे, मधे वीतभर जागा सोडून. माझी पुरणपोळी कशी झाली असं विचारलं तरी तळवे वर! तुम्हीच सांगा, शेजाऱ्यानं असं वागावं?

इथे आखातात, ऊद मेथा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, ते समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. मूळचे रत्नागिरीचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. इथल्या सरकारचे व्यापार सल्लागार, म्हणजे दुसऱ्या देशांशी करार करायला जी माणसं टेबलाशी बसतात, त्यांतले एक. मी त्यांना भाई म्हणायचे, ते मला टीचर. मी तेव्हा शाळेत अर्थशास्त्र शिकवायचे आणि साऱ्या जगाचा व्यापार दोन आलेखांत मावतो अशी माझी खात्री होती. ती बाई आज भेटली, तर बाकावर उभी करीन.

"सरकारं ठरवतात कसं हो, भाई? आकडे मांडूनच ना?"

"आकडे सगळेच आणतात, टीचर. मग जेवणाची वेळ होते."

त्यांनीच मला समजावलं. ज्यावर एकमत होत नाही, ते वाक्य मसुद्यात चौकोनी कंसात घालायचं आणि पुढच्या कलमाकडे वळायचं. भांडण मिटत नाही, पण काम अडत नाही. शेवटच्या फेरीत मग देवाणघेवाण. तुम्ही तुमचा एक हट्ट सोडा, आम्ही आमचा एक सोडतो.

एकदा मी त्यांना वर्गावर बोलावलं. सगळं ऐकून एका मुलीनं विचारलं, "बट सर, हू वन?"

"दोघंही घरी जाऊन 'आम्हीच जिंकलो' म्हणाले ना बेटा, की करार चांगला झाला."

मुलं हसली. मी फळ्यावर माझा आलेख काढतच होते. कोण बघतंय त्याच्याकडे!

त्यांची लेक रत्नागिरीत फिजिओथेरपिस्ट. तिला बापाजवळ यायचं होतं, पण तिचा डिप्लोमा इथे चालत नव्हता. आणि बघा, त्या वर्षी बोलणी नेमकी भारताशी. समोरून मागणी आली, आमच्या फिजिओंचे डिप्लोमे माना. वाक्य गेलं कंसात.

मी चहा ओतता ओतता म्हटलं, "मग अडचण काय? हो म्हणून टाका की!"

"मी साहेबांना सगळं सांगितलं, टीचर. म्हटलं, मला या कलमावरून उठवा. तर म्हणाले, हबीबी, म्हणून तर तूच बस. ज्याच्या घरचा फायदा आहे तो नाही म्हणाला, की समोरच्यांना कळेल, इथे खरंच वाव नाही."

माझ्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं. नाही कुणाच्या तोंडून म्हणवायचं, हेसुद्धा सरकार ठरवतं?

शेवटच्या फेरीहून ते संध्याकाळी परतले ते थेट आमच्याकडे.

"त्यांनी डिप्लोम्याचा हट्ट सोडला, आम्ही आमच्या प्लास्टिकवरची जकात उतरवण्याचा. खलास. मग सगळ्यांनी खजूर खाल्ले."

"आणि लेकीला काय सांगितलंत?"

ते कपातला चमचा फिरवत बसले. चहात साखर नव्हती. त्यांना डायबेटिस होता.

"तिनं विचारलं, अब्बा, नाही कोण म्हणालं? म्हटलं, मी."

"मग?"

"मग म्हणाली, जेवलात का?"

मी उठून त्यांच्यासाठी ताट वाढलं.

दोन-तीन महिन्यांत त्यांनी सामान आवरलं. नोकरीची वर्षं शिल्लक होती. साहेबांनी थांबवून पाहिलं, पगार वाढवतो म्हणाले.

"ती इकडे येऊ शकत नाही, टीचर, पण मी तिकडे जाऊ शकतो," ते म्हणाले. "एवढं सोपं कलम, पण मी इकडच्याच बाजूनं विचार करत बसलो होतो."

लिफ्टपर्यंत मी पोचवायला गेले. डब्यात पुरणपोळ्या दिल्या होत्या.

"परत याल ना, भाई?"

त्यांनी डबा लिफ्टमध्ये खाली ठेवला, हात मोकळे केले आणि दोन्ही तळवे उभे धरले, मधे वीतभर जागा सोडून. लिफ्टची दारं दोन्ही बाजूंनी सरकत आली. त्या फटीतून शेवटपर्यंत मला त्यांचे तळवे दिसत होते, आणि मधे त्यांचं हसू.