भिंतीकडची बाजू

सौंसरच्या त्या कोर्टावर मी दोन वर्षं खेळले, आणि त्या दोन वर्षांत साहेब भिंतीकडच्या बाजूला एकदाही उभे राहिले नाहीत.

कोर्ट क्लबच्या मागं होतं. मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून केलेलं. एका टोकाला मोकळं मैदान होतं, पार संत्र्याच्या बगीच्यापर्यंत. दुसऱ्या टोकाला सरकी ठेवायच्या जुन्या गोदामाची दगडी भिंत. ती मागच्या रेघेच्या इतकी जवळ होती, की रॅकेट नीट मागं नेली तर तिचं टोक दगडाला घासायचं. टेनिसमध्ये काही गेम झाले की खेळाडू बाजू बदलतात. हा नियम आमच्या कोर्टावर लागू नव्हता. साहेब आणि त्यांची मुलगी मैदानाकडून खेळायचे. समोर जो असेल तो भिंतीकडून. समोर बहुतेक मीच असायचे.

साहेब म्हणजे बाबांच्या ऑफिसातले सर्वांत मोठे अधिकारी. बाबा तिथं ट्रेसर होते, नकाशे उतरवायचे. साहेबांच्या मुलीला विद्यापीठाच्या संघात जायचं होतं, आणि तिच्यासोबत खेळायला गावात दुसरी मुलगी नव्हती. मी कॉलेजात बॅडमिंटन खेळते हे त्यांच्या कानावर गेलं होतं. बाबांना बोलावून सांगण्यात आलं, की पोरीला संध्याकाळी पाठवत जा. विचारलं नाही, सांगितलं. पहिल्या दिवशी साहेबांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते "अच्छा" म्हणाले, एक जुनी लाकडी रॅकेट माझ्याकडे सरकवली, आणि त्यानंतर त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. 'ए मुली' एवढंच.

ते खुर्ची टाकून बाजूला बसत आणि शिकवत. शिकवणं मुलीसाठी असायचं, माझ्या वाट्याला फक्त चुका यायच्या. खांदा वळव, रॅकेट लांब मागे ने, चेंडू चांगला वर येऊ दे, मग मार. त्यांची मुलगी तसं खेळायची, आणि दिसायचं सुंदर, खोटं कशाला बोलू. मी तसं करायला गेले की बोटांची सालं निघायची. पहिल्या महिन्यात माझ्या उजव्या हाताला कायम हळद लागलेली होती. एकदा रॅकेटच्या कडेचा टवका उडाला, तेव्हा साहेब खुर्चीवरून उठले. माझ्या हाताकडे त्यांनी पाहिलं नाही. रॅकेट उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, दुसऱ्याची वस्तू वापरायची तर सांभाळून वापरावी.

मग मी मागं जायचंच सोडलं. जागाच नव्हती तर काय करणार? चेंडूचा टप्पा पडला रे पडला, की मी पुढं होऊन त्याला गाठायची. रॅकेट मागं न्यायची नाही, कोपर अंगाशी, गुडघे वाकलेले, आणि चेंडू वर चढत असतानाच एक छोटा ठोसा. कधी जाळीत जायचा, कधी गोदामाच्या बाजूच्या नालीत. पण जेव्हा बसायचा तेव्हा समोरच्या मुलीला पाय हलवायलाही वेळ मिळायचा नाही.

"हे काय, झाडू मारल्यासारखं?" साहेब म्हणायचे. "हे टेनिस आहे. अंगण झाडायचं नाही इथं."

असं म्हणताना ते माझ्याकडे बघून हसायचे, आणि क्लबातले दोन-चार जण सोबत हसायचे. झाडू हा शब्द त्यांनी उगाच निवडला नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी खाली मान घालून पुढचा चेंडू उचलायची.

तरी मी त्यांच्यासारखं खेळायचा प्रयत्न केला, याचाच मला आज जास्त संताप येतो. घरी आई स्वयंपाकात असताना मी कपाटाच्या आरशासमोर उभी राहून रॅकेट लांब मागं नेऊन बघायची. मला वाटायचं, मोठी माणसं सांगतात तर तेच खरं असेल. शनिवारी साहेब सहकुटुंब जामसांवलीला दर्शनाला जायचे. त्या दिवशी कोर्ट रिकामं असायचं, तेव्हा मैदानाकडच्या बाजूला जाऊन मी तो लांब फटका एकटीच घोटायची.

त्या हिवाळ्यात छिंदवाड्याला मुलींचे सामने होते. साहेबांनी मुलीसोबत माझंही नाव दिलं, कारण सोबतीला कोणी तरी हवं होतं. आम्ही छोट्या लाइनच्या, अरुंद रुळांवरच्या गाडीनं गेलो. तिथलं कोर्ट दोन्हीकडून मोकळं होतं. मी अगदी शिकवल्याप्रमाणे खेळले. खांदा वळवला, रॅकेट लांब नेली, चेंडूची वाट पाहिली, आणि पहिल्याच सामन्यात माझा फडशा पडला. समोरची मुलगी माझ्यापेक्षा फार चांगली होती असंही नाही. शेवटी शेवटी तर मी हरल्यातच जमा होते. साहेब बाजूला उभे राहून कोणाशी तरी म्हणाले, की शेवटी हे घराण्यात असावं लागतं. मला ते स्पष्ट ऐकू आलं.

मग माझं डोकं फिरलं. मी रेघेच्या आत जाऊन उभी राहिले आणि चेंडू जमिनीवरून उठत नाही तोच ठोकू लागले. त्या मुलीला कळेना काय झालं. तो चालू गेम मी घेतला, त्याच्या पुढचाही. सामना वाचला नाही, तेवढा खेळच उरला नव्हता. पण परतताना गाडीत मी एकच गोष्ट मनात घोळवत होते. आज जे चाललं ते माझं होतं, आणि जे चाललं नाही ते साहेबांचं.

त्यानंतर मी त्यांचं ऐकणं बंद केलं. तोंडानं 'हो सर' म्हणायची आणि माझंच करायची. आता भिंतीसाठी म्हणून नव्हे. शनिवारी मोकळ्या बाजूला उभी असले तरी रेघेच्या आतच उभी राहायची. चेंडू कुठं पडणार हे समोरच्याच्या मनगटावरून ओळखायला शिकले. जाळीत जाणारे फटके कमी झाले. साहेब म्हणत राहिले, मी ऐकून सोडून देत राहिले.

पुढच्या वर्षी क्लबच्या स्पर्धेत मुलींचा अंतिम सामना माझा आणि त्यांच्या मुलीचा लागला. पंच म्हणून पांढुर्ण्याच्या कॉलेजातले खेळाचे सर आले होते. पहिला गेम संपला आणि त्यांनी बाजू बदलायला सांगितलं. साहेब खुर्चीतून म्हणाले, की इथं तशी पद्धत नाही. सर म्हणाले, "मी पंच आहे तोवर आहे."

मी मैदानाकडे गेले आणि साहेबांची मुलगी भिंतीकडे. तिनं पहिलाच फटका मारायला रॅकेट मागं नेली आणि ती दगडावर आपटली. दुसऱ्यांदाही तेच. तिच्या बोटांतून रक्त आलं. पुन्हा बाजू बदलताना जाळीजवळ ती माझ्याजवळून गेली आणि हळूच म्हणाली, "तू रोज इथून खेळत होतीस?"

मी तशीच पुढं गेले. तिच्यावरही माझा राग होता. दोन वर्षं ती समोर उभी होती, तिला भिंत दिसली नव्हती? सामना मी जिंकला. सरळ जिंकला, मोकळ्या बाजूनं आणि भिंतीकडूनही.

बक्षीस वाटताना साहेब बोलायला उठले. म्हणाले, या मुलीचा खेळ वेगळा आहे, आणि हा वेगळेपणा आपोआप आलेला नाही. "मी हिला मुद्दाम भिंतीकडे उभं करत होतो. चेंडू लवकर घ्यायची सवय लागावी म्हणून. आज त्याचं फळ दिसलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात कप होता. अंगण, झाडू, घराणं, सगळं ज्यांच्या तोंडून ऐकलं, ते आता माझा खेळही स्वतःच्या नावावर लावून घेत होते. मी तिथूनच म्हणाले, "सर, मग तुमच्या मुलीलाही भिंतीकडं उभं करायचं होतं."

टाळ्या थांबल्या. खेळाच्या सरांनी तेवढं मान खाली घालून मिशीला हात लावत हसू दाबलं.

बाबा तिथं नव्हते. त्या दिवशी त्यांना तातडीचा नकाशा म्हणून ऑफिसात बसवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि पोरीला घेऊन या, माफी मागू द्या, असं सांगितलं. बाबा घरी आले, हातपाय धुतले, चहा घेतला. मी त्यांच्याशीही भांडायच्या तयारीत होते. मी म्हणाले, "माफी मांगायची असंल तं तुम्ही मांगा. मी नाही मांगत."

"मी साहेबाले नाही म्हणून आलो," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "पण एक चुकलं तुझं. मले आधी सांगतलं असतं, तं मी अर्धी रजा टाकून आयकाले आलो असतो."

त्यानंतर कोर्ट फक्त मेंबरांसाठी झालं. बाबांचं टेबल काढून त्यांना बोरगावच्या साइटवर पाठवलं. भर उन्हात ते सायकलनं जायचे आणि संध्याकाळी मान लाल करून परत यायचे. त्यांनी कधी तक्रार केली नाही. मी करते. आजही करते. लोक म्हणतात, झालं गेलं सोडून द्यावं. ज्यांची मान भाजली नाही त्यांना सोडणं सोपं असतं.

खेळाच्या सरांनी मला पांढुर्ण्याच्या कॉलेजात बोलावून घेतलं. तिथं कोर्ट होतं आणि बाजू बदलायची पद्धतही. सरांनी माझी सर्व्हिस सुधारली, पायांकडे लक्ष दिलं, पण माझ्या फटक्याला हात लावला नाही. पुढं मी विद्यापीठाच्या संघात गेले. तिथल्या प्रशिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, की रॅकेट मागं नेत जा. मी म्हणाले, मी नेणार नाही, त्यापेक्षा मला संघातून काढा. त्यांनी काढलं नाही.

बाबांनी माझा एकच सामना पाहिला, पांढुर्ण्याला. इस्त्रीचा शर्ट घालून, रजा टाकून आले आणि तारेच्या कुंपणाजवळ उभे राहिले. मी जिंकले, पण सामनाभर ते भलत्याच वेळी टाळ्या वाजवत होते. माझा चेंडू बाहेर गेला तरी टाळी. दोनदा तर समोरच्या मुलीच्या गुणाला टाळी. परतीच्या बसमध्ये मी त्यांच्यावर खूप चिडले. म्हटलं, लोक हसून राहिले होते, तुम्हाला काही समजत नाही तर गप्प तरी बसावं.

बाबा संत्रं सोलत होते. "मले काय समजते?" ते म्हणाले. "तू हालली का मी टाळी वाजवत होतो."

आणि त्यांनी अर्धं संत्रं माझ्या हातात ठेवलं.