सुध्या, प्लेअर दिसला बे

सुध्या मेला तेव्हा माझ्या फोनमध्ये तो ब्लॉक होता.

मीच केला होता. पावणेदोन वर्षांपूर्वी. एका बोटभर एमपीथ्री प्लेअरवरून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुधाकर माझा शाळेपासूनचा मित्र. दिंद्रुडला त्याचा कॉम्प्युटर क्लास. सहा जुनाट कॉम्प्युटर आणि सगळ्यांवर लिनक्स. फुकट मिळतं, व्हायरस लागत नाही, हे तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगायचा. लिनक्सचं चिन्ह पेंग्विन, म्हणून आम्ही त्याला पेंग्विन म्हणायचो. तो चिडायचा नाही.

आणि माझे वडील, बापू. गायन पार्टीवाले. भीमजयंतीला आसपासच्या गावांत पेटी घेऊन जायचे. गाणी स्वतःची. कागदावर एक ओळ नाही, सगळं डोक्यात. सुध्या त्यांच्या साथीला ढोलकीवर. बापूंनीच शिकवली होती त्याला, हातावर फटके देऊन.

बापूंचा आवाज बसायला लागला तसा मी एक प्लेअर आणला. त्यात रेकॉर्डिंगची सोय होती. दोन रविवार बसून त्यांची गाणी भरून घेतली.

तीन महिन्यांत बापू गेले.

मग एक दिवस तो प्लेअर माझ्या शर्टाच्या खिशातून धुण्याच्या बादलीत गेला. स्क्रीन गेली. हेडफोन लावायची जागा गेली. चार्जिंगला लावला की तेवढा लाल दिवा लागायचा. गाणी काढायची तर आता कॉम्प्युटरमधूनच.

दुसरी कॉपी नव्हती. का नव्हती ते विचारू नका. उद्या करू, उद्या करू.

बीडच्या एका दुकानदारानं हातात न घेताच "फेकून द्या" म्हणून सांगितलं. मग सुध्याकडे गेलो.

त्याच्या लिनक्सला प्लेअर दिसेचना. वायर बदलली. कॉम्प्युटर बदलला. काळ्या पडद्यावर काय काय टाइप करत बसला. क्लासच्या पोरींना सुट्टी दिली.

चौथ्या दिवशी त्यानं कुठंतरी वाचलं, की गाणं मागं न्यायचं बटण दाबून धरायचं आणि मग वायर लावायची.

लावली. पडद्यावर प्लेअरचं नाव आलं.

"दिसला बे! दिसला!" सुध्या उठून उभाच राहिला.

उघडलं. आत काहीच नाही.

पुन्हा काढून लावला. रिकामाच.

"मी काय पुसलं न्हाई रे. आईची शपथ."

मी काय बोललो ते लिहायची लाज वाटते. तरी लिहितो.

"बापू एकदा मेलते. तू दुसऱ्यांदा मारलंस त्यांना. तुझ्या ह्या फुकटच्या लिनक्सनं."

त्यानं वायर नीट गुंडाळली आणि प्लेअर माझ्या हातात ठेवला.

नंतर त्याचे फोन यायचे. "एकदा दे रे प्लेअर, आणखी बघतो." मी दिला नाही. ब्लॉक केलं. बाजारात समोरून आला की मी रस्ता बदलायचो. त्याला ते दिसायचं.

प्लेअर कपाटात ठेवला. दुसऱ्या कुणालाही दाखवला नाही. कुणी गाणी काढून दिली असती तर मग मी राग कुणावर धरला असता? हे आज कळतंय. नालायक माणूस आहे मी.

गेल्या आठवड्यात सुध्या घरच्यांना घेऊन कपिलधारला गेला होता. परत येताना मांजरसुंब्याला धाब्यावर चहा सांगितला. चहा यायच्या आत छातीत कळ आली. बीडला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आज त्याचा जलदान विधी होता. गेलो. मागं बसलो.

वंदना झाली. लोक जेवायला उठले. तेव्हा त्याची बायको, सविता वहिनी, माझ्याकडे आल्या. हातात त्याचा फोन.

"भाऊजी, तुमच्या नावचा एक मेसेज हाय ह्याच्यात. वर्ष होऊन गेलं. जातच न्हाई म्हणायचे. सारखं काढून बघायचे, गेला का म्हणून."

मेसेज होता. खाली एकच टिक.

"गाणी पुसली न्हाईत. हा प्लेअर दोन तऱ्हेनं जोडता येतो. बटण दाबून जोडला की रिकामा दिसतो, कारण रेकॉर्डिंग दुसऱ्या तऱ्हेत हाय. बटण न दाबता लाव. लिनक्सवर त्याला एक सॉफ्टवेअर लागतं, ते मी सगळ्या मशीनवर टाकून ठेवलंय. माझ्याकडं यायचं नसंल तर कुठल्याबी विंडोजला लाव, तिथं सरळ दिसंल. माझ्यावर राग ऱ्हाऊ दे. बापूंचं तेवढं काढून घे."

कुठल्याही. माझ्या ऑफिसात विंडोजचे आठ कॉम्प्युटर आहेत.

घरी जाऊन प्लेअर आणला. वहिनींनी क्लास उघडून दिला. सुध्याच्याच खुर्चीत बसलो. बटण दाबलं नाही. नुसती वायर लावली आणि लाल दिव्याची वाट बघितली.

दिसला.

सगळी गाणी जागच्या जागी होती. पहिलं लावलं. बापू खोकले. मग पेटी. मग ढोलकी.

इतके दिवस मी 'माझ्या बापाचा आवाज, माझ्या बापाचा आवाज' करत बसलो. त्या दोन्ही रविवारी सुध्या तिथंच बसून वाजवत होता, हे माझ्या ध्यानातही राहिलं नव्हतं. त्याचंही तेवढंच गेलं होतं. तो एकदाही बोलला नाही.

गाणं संपलं आणि बापूंचा आवाज आला, "सुध्या, लई घाई करतो लेका. जरा दमानं."

मग सुध्याचं हसू. "व्हय बापू."

वहिनी दारात उभ्या होत्या. तिथंच खाली बसल्या.

"भाऊजी, तेवढं आणखी एकदा लावा."

लावलं. किती वेळा ते माहीत नाही.

आत्ता तुला अनब्लॉक केलंय सुध्या. वाटलं, तुझा तो मेसेज आता तरी येईल. बराच वेळ फोन धरून बसलो. ब्लॉक असताना पाठवलेला मेसेज नंतर येत नसतो म्हणे.

सगळी गाणी वहिनींच्या फोनमध्ये टाकलीत. कॉपी केलीय, दोन ठिकाणी.

मला माफ कर, असं म्हणायलाही तोंड नाही.

अखेरचा जयभीम, सुध्या.