खिडकीकडे पाठ

मला बघायला आलेला मुलगा मला न बघताच गेला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं घर कोऱ्हाळ्यात, मुलगा भवानीनगरला नोकरीला. मध्यस्थाबरोबर आला. मी पोह्यांची बशी पुढे केली, तर हा माझ्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघतोय. बाहेर शेवग्यावर भारद्वाज बसला होता.

तात्या, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "पाव्हणं, काय इचारायचं आसंल तर इचारा."

"पक्ष्यांची पुस्तकं वाचता का तुमी?"

"न्हाय," मी म्हणाले.

त्याने पिशवीतून जाडजूड पुस्तक काढलं, "हे वाचाच" म्हणून माझ्या हातात ठेवलं आणि निघून गेला.

त्याच्या घरी त्याच्या आईने विचारलं, मुलगी कशी आहे? तर म्हणे, "डोळे लालभडक, पंख तांबूस." हे आम्हाला मध्यस्थानेच सांगितलं. मी पुस्तक चुलीत घालायला निघाले होते.

तात्यांना वेगळाच घोर. होकार नाही, नकार नाही, नुसतं पुस्तक. "परत धाडलं तर आपला नकार हुतोय. ठिवून घेतलं तर होकार. तवर तू वाचून काढ. फुडच्या बैठकीत इचारलं म्हंजी?" त्यांनी पुस्तकाला हळदकुंकूसुद्धा वाहिलं.

मी चुका काढायला म्हणून वाचायला बसले आणि सुगरणीच्या पानावर अडकले. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत नसलं तर सरळ चालती होते. मला हे भलतंच आवडलं. ते पान मी आईला वाचून दाखवलं, मग गल्लीतल्या सगळ्या लग्नाच्या मुलींना.

पुढच्या खेपेला त्याची खुर्ची मीच मांडली, खिडकीकडे पाठ करून. तो बसला. चहा आला. एवढ्यात मागे शेवग्यावर 'घूप घूप घूप' सुरू झालं. त्याचे कान लाल झाले, मान आखडली, चहा बशीत सांडला, पण नजर माझ्यावरून हलली नाही. तात्या उसाच्या तोडीबद्दल काहीतरी सांगत होते. भारद्वाज घुमतच होता. बिचारा घामाघूम झाला, पण वळला नाही. तिथेच तो मला आवडला.

"पुस्तक मी ठिवून घेती," मी म्हणाले.

तात्या साखर आणायला धावले.

"आता बगा मागं," मी हळूच म्हणाले.

तो वळेपर्यंत भारद्वाज उडून गेला होता. त्यावरून हे मला अजून बोलतात.