कापसाचं जाकीट

धामणगाव रेल्वे या गावात अशी नवरी विरळाच, जिच्या रुखवतातल्या गादीवर नवरदेवाच्या आधी इनायतुल्ला निजला नाही.

यात गैर काही नाही. त्याचा तो नेमच होता. गादी भरून, टाके घालून झाली की ती दुकानापुढच्या फळीवर अंथरायची, चपला काढायच्या, बिस्मिल्ला म्हणून आडवं व्हायचं आणि या कुशीवरून त्या कुशीवर लोळून घ्यायचं. कुठं गाठ टोचते, कुठं खड्डा पडतो, ते तो पाठीनं वाचायचा. एखाद्या दुपारी तपासणी जरा लांबायची. गिऱ्हाईक ताटकळत उभं आणि हा घोरतोय. मग शेजारचे किसनराव आपल्या ओट्यावरून सांगत, बाप्पा, गादी पास झाली, आता इनायतभाऊले हळूच बाजूले सरकवा आन् घेऊन जा.

पण ही सगळी चांगल्या दिवसांतली गंमत. बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या हिवाळ्यात लग्नं चहा-पोह्यांवर उरकायला लागली, आणि जी थाटात झाली त्यांच्या गाद्या अमरावतीहून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आल्या. आत फोम. इनायतुल्ला फोमला साबणाचा फेस म्हणायचा. त्याच्या दुकानासमोरून फोमची गादी गेली की तो पाठ फिरवून बसायचा, जशी एखादी बाई सवत दिसल्यावर बसते.

घरात माणसं तीन. तो, त्याची बायको शहाजादी आणि नात लुबना. लुबनाची आई नगमा, म्हणजे इनायतुल्लाची लेक, नवरा वारल्यावर नांदगाव पेठेच्या सुताच्या कारखान्यात लागली आणि तिथंच खोली घेऊन राहिली. जाताना तिनं दहा वर्षांच्या पोरीचा हात बापाच्या हातात दिला आणि म्हणाली, अब्बा, ही तुमच्या हवाली. झालं. त्या दिवसापासून या माणसाची झोप उडाली. निदान रात्रीची तरी. पोरगी बारा वर्षांची झाली तरी तो तिला अंगणातल्या हौदावर वाकू देईना. सायकल नाही, झाड नाही, गच्ची नाही. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, चाचा पोरीले बी कापसात गुंडाळून ठेवते.

पाण्याचं भय मात्र उगाच नव्हतं. त्या वर्षांत सरकारी योजनेतली शेततळी वावरोवावरी झाली होती. चौकोनी खड्डा, आत काळं प्लास्टिक, वर पाणी. कपाशीला ओलीत मिळालं हे खरं. पण त्या प्लास्टिकवर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही, आणि एकदा आत घसरलेला बाहेर येत नाही. मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावात दोन भावंडं अशीच गेली. किसनरावांनी त्याच आठवड्यात आपल्या शेततळ्याभोवती काट्यांचं कुंपण घातलं.

म्हणूनच तर ती संस्था आली. मूळची कोकणातली, समुद्रकाठच्या पोरांना होडी वल्हवायला आणि लाटांशी कसं वागायचं ते शिकवणारी. तिच्याकडून प्रणाली नावाची मुलगी आली, ती आपल्या अकोल्याचीच, समुद्रावर दोन वर्षं शिकून आलेली. गावाबाहेरच्या पाझर तलावावर तिनं प्लास्टिकचे दोन रंगीत डोंगे, म्हणजे लहान होड्या, आणून ठेवले आणि दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की पोरांना तरंगायला, वल्हवायला, आणि बुडणाऱ्याला स्वतः न बुडता कसं काढायचं ते शिकवायला लागली. गल्लीनं आधी हसून घेतलं. समुद्र इथून दोन दिवसांच्या वाटेवर, आणि आमची पोट्टी खलाशी होऊन राहिली.

लुबनानं फॉर्म घरी आणला. इनायतुल्लानं तो वाचला, चार घड्या घातल्या आणि शिलाई मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवला. मशीन डुगडुगायचं थांबलं, विषय संपला.

त्याच्यापुरता संपला. शहाजादीनं शाळेतून दुसरा फॉर्म मागवला आणि त्यावर आपली सही ठोकली. पुढं दर शनिवारी लुबना मैत्रिणीकडं अभ्यासाला जाऊ लागली आणि ओल्या केसांनी परत येऊ लागली. इनायतुल्लानं विचारलं तर शहाजादी सांगायची, पोरगी मोठी होऊन राहिली, केस धुवावे लागतात. मैत्रिणीच्या घरी जाऊन केस धुणारी पोरगी त्याला खटकायला हवी होती. पण माणूस कापसात डोकं घालून बसलेला. अख्ख्या गल्लीला माहीत, याला नाही. आणि गल्ली इतकी सज्जन, की पाच शनिवार कोणी तोंड उघडलं नाही. एखादी गोष्ट इतकी पोटात ठेवायची गल्लीची ती पहिलीच वेळ.

फेब्रुवारीत प्रणाली त्याच्याच दुकानात आली. हातात तिच्याकडच्या नारिंगी जाकिटांपैकी सहा, पाण्यात घालायची. सगळी मोठ्यांच्या मापाची. लहान पोरांच्या अंगातून ती वर सरकून कानाला लागत. तिचं म्हणणं एवढंच, की पट्टे लहान करा, काखेखाली आवळा, आतल्या भरावाला हात लावू नका. लुबनाचं नाव तिनं काढलं नाही. फॉर्मवर घरची सही आहे म्हणजे आजोबांना माहीत असेल असं ती धरून चालली होती.

ती गेल्यावर इनायतुल्लानं एका जाकिटाची कड उसवून पाहिली. गादीवाला तो, आत काय भरलंय हे पाहिल्याशिवाय राहवेल कसं? आत फोम.

मग त्याचं जे पित्त खवळलं, ते किसनरावांना दोन तास ऐकावं लागलं. ज्या मुलखात जमिनीतून कापूस निघतो, तिथल्या पोरांच्या छातीवर फेस बांधायचा? किसनरावांनी सांगून पाहिलं, की भाऊ, ओला कापूस किती जड होते ते मले माहीत हाये, जन्म गेला त्यात. पण इनायतुल्लाकडं उत्तर तयार होतं. कापूस ओला होईल तेव्हा ना. खोळ मेणकापडाची शिवली तर पाणी शिरेल कुठून? आणि वर त्यानं किसनरावांनाच विचारलं.

"जे हवेत तरंगते, ते पाण्यात कावून बुडंन?"

चार दिवस खपून त्यानं एक जाकीट केलं. पाच जाकिटांचे पट्टे सांगितल्याप्रमाणे आखूड केले; सहाव्यातला फोम मात्र काढून बाजूला टाकला. कापूस पहिल्या वेचणीचा, स्वतः पिंजलेला, हातात घेतला तर फुंकरीनं उडेल असा. वर लाल मेणकापड. आणि कापूस एका जागी गोळा होऊ नये म्हणून, गादीला घालतात तसे, आरपार बेचाळीस टाके. दाभणानं घातलेले, एका रेषेत, पाहत राहावं असे. ही वस्तू पाहून प्रणाली फोम विसरेल याविषयी त्याला शंका नव्हती.

पण स्वतः निजल्याशिवाय गादी द्यायची नाही, तर स्वतः तरंगल्याशिवाय जाकीट कसं द्यायचं? शनिवारी दुपारी तो म्हणाला, तलावावर जातो. शहाजादीच्या हातातली पळी पडली. तिनं ऊन सांगितलं, त्याची कंबर सांगितली, शेवटी शिरा करते म्हणाली. शिऱ्यालाही माणूस थांबेना, तेव्हा तिनं किसनरावांना खूण केली, की तुम्ही तरी सोबत जा. किसनरावांनी मोटारसायकल काढली. गंमत पाहायला मिळणार म्हणून काढली, हे त्यांनीही नंतर कबूल केलं.

तलावाच्या एका अंगाला पोरं डोंग्यांभोवती कालवा करत होती. पोरींसमोर सदरा कसा काढायचा, म्हणून इनायतुल्ला बांधाच्या कडेनं पलीकडं, वळणाआड गेला. लुंगी खोचली, लाल जाकीट चढवलं आणि गुडघ्याच्या वर पाणी कधी न पाहिलेला तो माणूस छातीपर्यंत आत शिरला. मग डोळे मिटून त्यानं पाय उचलले.

तरंगला. खरोखर तरंगला. गादीवर पडावं तसा पाण्यावर आडवा पडून तो आभाळाकडं पाहत राहिला, आणि काठावर किसनराव टाळ्या वाजवायला लागले. आयुष्यात इतकी चांगली गादी आपण भरली नाही, असं त्याला वाटलं. कंबर दुखायची थांबली. वाऱ्यानं तो हळूहळू आत सरकत होता, ते त्याला कळलंही नाही.

बेचाळीस टाक्यांची चौऱ्याऐंशी भोकं. एकेका भोकातून पाणी दोऱ्याच्या कडेकडेनं आत चढत होतं, आणि आतला कापूस ते तहानलेल्यासारखा पीत होता. आधी खांदे जड झाले. मग छाती. त्यानं पाय खाली टाकले तर खाली काही नव्हतं. पाणी तोंडात गेलं. पट्ट्याची गाठ सोडू गेला, तर ती त्याचीच गाठ, कधी न सुटणारी.

किसनरावांना पोहता येत नव्हतं. तरी ते ओरडत, चपलांसकट पाण्यात उतरले. तेवढ्यात बांधावरून कोणी धावत आलं, त्यांचा सदरा मागं खेचला आणि म्हणालं, "आबा, तुमी नका जाऊ. माह्ये पाय धरा." एक पोरगी काठावर पालथी पडली. हातातलं लांब वल्हं तिनं पाण्यावर पुढं सरकवलं.

"नाना, हात नका मारू," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा, जेवायला हाक मारावी तसा. "वल्हं धरा. फक्त धरा. मी हाये."

इनायतुल्लाच्या बोटांना वल्हं लागलं. तिनं ओढलं, किसनरावांनी तिला ओढलं, आणि तोवर प्रणाली डोंगा घेऊन मागून पोचली. बाहेर काढला तेव्हा त्याच्या अंगावर जाकीट नव्हे, ओली गादी होती. ती कात्रीनं कापावी लागली.

श्वास आल्यावर त्यानं वर पाहिलं. समोर लुबना. ओले केस, आणि अंगात मोठ्या माणसाचं नारिंगी जाकीट, सुतळीनं दोनदा आवळलेलं, तरी कानाला लागलेलं. किती दिवसांपासून, त्यानं विचारलं. पाच शनिवार, ती म्हणाली. नानीले माहीत हाये? यावर तिनं किसनरावांकडं पाहिलं. किसनरावांनीच सांगून टाकलं, की भाऊ, साऱ्या गल्लीले माहीत हाये, तुले सोडून.

आता तो आकांडतांडव करील, असं सगळ्यांना वाटलं. त्यानं काही केलं नाही. घरी येऊन शिरा खाल्ला आणि एवढंच म्हणाला, की आता लुबनानं तलावावर जायचं नाही. पाणी काय असते ते आज समजलं मले. नगमाला काय तोंड दाखवू?

पुढचे चार दिवस दुकान उघडं आणि माणूस बंद. कापलेलं लाल जाकीट दोरीवर टांगलेलं. त्यातून तिसऱ्या दिवशीही पाणी ठिबकत होतं. येणारा-जाणारा विचारी, चाचा, गादी अजून वाळली नाही का. एरवी अशा टोल्याला त्याच्याकडं परतीचा टोला असे. आता तो नुसता ठिबकणाऱ्या पाण्याकडं बघे. ते आपण एखाद्या लेकराच्या अंगात घातलं असतं तर, हा एकच विचार. प्रणाली आली, तेव्हा त्यानं मान खाली घालून तिची माफी मागितली. तिनं ती घेतली, पण उगाच गोडही बोलली नाही. म्हणाली, चाचा, पोरांच्या अंगावर घालायच्या आधी तुम्ही स्वतः घातलंत, म्हणून मी आज इथं बसून चहा पिऊ शकते. त्या सहाव्या जाकिटाचं मात्र आता काही होणार नव्हतं. त्याऐवजी लहान मापाचं एक तिनं कोकणातून मागवलं होतं, ते शुक्रवारी येणार होतं.

लुबनानं तो सगळा आठवडा काही हट्ट केला नाही. नानानं सांगितलेलं तिनं ऐकलं, भाकरी खाल्ली, शाळेत गेली. शुक्रवारी ते जाकीट आलं. इनायतुल्ला ते उलटसुलट करून पाहत होता, शिवणी अंगठ्यानं दाबत होता. ती शेजारी येऊन बसली.

"नाना, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी मी तुमचं ऐकून घरी राह्यली असती तं?"

मशीनवर बसलेल्या शहाजादीनं पाय थांबवला.  इनायतुल्लानं गळ्यातली टेप काढली आणि म्हणाला, उभी राहा. तिच्या छातीचं माप घेतलं, खांद्याचं घेतलं, पुन्हा छातीचं घेतलं. पट्टा दोन बोटं आखूड करावा लागणार होता. आतल्या फोमला त्यानं सुईचं टोकही लागू दिलं नाही. काम झाल्यावर नगमाला फोन लावला. वल्ह्याची गोष्ट सगळी सांगितली, कापसाचीही सांगितली.  सगळं ऐकून नगमा म्हणाली, अब्बा, तिला जाऊ द्या.

शनिवारी तो तिला स्वतः तलावावर घेऊन गेला. मागून किसनराव होतेच. डोंग्यात बसलेल्या लुबनाचे पट्टे त्यानं बांधले, सोडले, पुन्हा बांधले. प्रणाली लुबनाला द्यायचं वल्हं धरून थांबली होती. बाकीची पोरं रांगेत चुळबुळत होती. पट्टा आता बरोबर बसला होता, त्यात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण इनायतुल्लाची मूठ त्यावरून निघेना.

लुबनानं त्याच्या हातावर हात ठेवला. "नाना, सोडा आता."

त्यानं सोडला.

डोंगा आधी जरा वाकडा गेला, मग सरळ झाला. दोन्ही बाजूंनी वल्हं पडत होतं, डावं, उजवं.  इनायतुल्ला मांडीपर्यंत पाण्यात उभा होता, लुंगी भिजली होती, आणि हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. लुबना वळून परत येईपर्यंत तो तिथून हलणार नव्हता. आणि लुबनाला वळायची काही घाई नव्हती.